टायमर न लावता

बॉस्टनजवळच्या ज्या गावात मी राहते, तेथे आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात. त्यांचा मुलगा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत आहे. त्यांना विचारूनच मी हे लिहीत आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुलाचा फोन आला की त्या आधी अंडी उकडण्याचा टायमर फिरवून ओट्यावर ठेवीत आणि मगच बोलायला सुरुवात करीत. शेजारी एक कागद असे. वकिलाचे पत्र, दाताचे दुखणे, नातीचा वाढदिवस असे विषय त्यावर ओळीने लिहिलेले असत आणि एकेक विषय उरकला की त्या पेन्सिलीने त्यावर रेघ मारीत. टायमर वाजेपर्यंत कागद संपला नाही, तर उरलेले विषय पुढच्या आठवड्यावर जात.

तुरुंगातला फोन इतका महाग का असे, हे समजून घेतल्यावर मला फार संताप आला. कैद्याला कंपनी निवडता येत नाही. तुरुंग प्रशासन एका कंपनीशी करार करते आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी हा करार, लोकांना स्वस्तात बोलू देणाऱ्या कंपनीला नव्हे, तर प्रशासनाला वसुलीतून अधिक वाटा देणाऱ्या कंपनीला मिळत असे. त्यामुळे दर जितका चढा, तितके दोघांचे उत्पन्न मोठे, आणि ते भरणारी मात्र बहुतेक वेळा कैद्याची आई, बायको किंवा बहीण. खात्यात पैसे भरण्याचे शुल्क वेगळे. केंद्रीय नियमांनुसार कार्डाने आपोआप होणाऱ्या भरण्यावर ३ डॉलरपर्यंत शुल्क घेता येत असे. ज्याला एकदम शंभर डॉलर भरणे शक्य होते, त्याला ते जाणवत नसेल, पण पगार होईल तसे दहा-दहा डॉलर भरणाऱ्या घराला प्रत्येक दहामागे तीन डॉलर, तोंडातून शब्द निघण्याआधीच, मोजावे लागत.

या व्यवस्थेविरुद्ध सर्वांत चिवटपणे लढल्या त्या राजधानी वॉशिंग्टनच्या मार्था राइट. त्यांचा नातू तुरुंगात होता आणि त्याला घरापासून दूर, परराज्यांतल्या तुरुंगांत हलवण्यात आले. मार्थाबाई दृष्टिहीन होत्या. पत्र वाचता येत नव्हते आणि एवढ्या लांबचा प्रवासही झेपणारा नव्हता, म्हणून नातवाचा आवाज ऐकण्याचा एकच मार्ग त्यांच्याकडे उरला होता. २००० साली त्या आणि इतर काही कुटुंबे न्यायालयात गेली. तेथून त्यांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, रस्ता दाखवण्यात आला. २००३ मध्ये त्यांनी तेथे अर्ज केला, आणि त्यावर पहिला ठोस निर्णय यायला २०१३ साल उजाडले! तोही फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या फोनपुरता. २०१५ मध्ये मार्थाबाई वारल्या. राज्याच्या हद्दीतल्या फोनचे दर ठरवण्याचा अधिकार कमिशनला नाही, असे २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले. तो अधिकार देणारा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, आणि त्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यानुसार २०२४ मध्ये ठरलेली दरांची मर्यादा पुढच्याच वर्षी कमिशनने पुन्हा वाढवली, याचे मला अतिशय वाईट वाटते.

काही राज्यांनी मात्र दर कमी करण्यापेक्षा ते काढूनच टाकले. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये आपल्या तुरुंगांतून सुरुवात केली. राज्य म्हणून पहिला कायदा २०२१ मध्ये कनेक्टिकटने केला. तेथे त्यापूर्वी पंधरा मिनिटांच्या फोनला पाच डॉलरच्या घरात खर्च येत असे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा त्यांच्या मागोमाग आले. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १ डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या आणि काउंटीच्याही (जिल्हा पातळीवरच्या) तुरुंगांतले फोन मोफत झाले.

त्यानंतर महिन्याभराने मी खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे डबा परत द्यायला गेले, तेव्हा फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवलेला होता आणि बाई सफरचंदे सोलत होत्या. मी पाहत होते तेवढ्या वेळात दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही. मग मुलाने विचारले, "आई, काय करतेस?" त्या म्हणाल्या, "सफरचंदे सोलते आहे." तो म्हणाला, "ऐकू येतंय." फोन आजही ध्वनिमुद्रित होतात, एका फोनला ठरावीकच वेळ मिळतो आणि तुरुंगात रांगही असते. पण मला त्या घडीला जे दिसले, ते टायमरच्या काळात घडणे शक्यच नव्हते. कामाचे बोलणे विकत घेता येते. घर चालते ते बिनकामाच्या बोलण्यावर, आणि त्याला पैसे पडू लागले की पहिली काट त्यालाच लागते.

हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. माझे बाबा नोकरीनिमित्त परगावी असताना आई आम्हाला घेऊन रात्री अकरानंतर एसटीडी बूथवर जायची, कारण तेव्हा पाव दर लागत असे. लाल आकडे पुढे सरकू लागले की ती "बरं आहे ना सगळं? ठेवते मग" असे म्हणायची. सांगायचे ते तसेच राहून जायचे.

महाराष्ट्रातल्या कारागृहांचा विचार येतो तो यामुळेच. येरवड्यात २०२३ मध्ये नाणी टाकण्याच्या फोनऐवजी स्मार्ट कार्डाचे फोन आले आणि ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटण्याची, सोयही आहे. ही सुधारणा खरीच चांगली आहे, पण कार्डात पैसे भरावेच लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. अहेरी-भामरागडकडची एखादी आई नागपूरच्या कारागृहात मुलाला भेटायला निघते, तेव्हा एसटीचे तिकीट आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी असा तिचा हिशेब असतो, आणि इतके करून काचेपलीकडून मिळतात ती काही मिनिटे. निदान कच्च्या कैद्यांना आठवड्यातले ठरलेले फोन तरी शासनाने मोफत द्यावेत. हा खर्च फार मोठा नाही, आणि त्या आईने कोणताही गुन्हा केलेला नाही.