घागरवाली

आमच्या कॉलनीजवळच्या बागेत एक टेकाड आहे. टेकाड कसलं, बाग करताना निघालेला मुरूम एका कोपऱ्यात लोटून दिला, वर लॉन लावलं, ते पहिल्याच उन्हाळ्यात जळालं, मग सिमेंटची बाकडी टाकली. पण तेवढ्या उंचीवरूनही छत्रपती संभाजीनगर बऱ्यापैकी दिसतं. परवा दुपारी बँकेतलं काम चक्क लवकर उरकलं, म्हणून जाऊन बसलो.

लांब डोंगराची रांग, पायथ्याशी मकबऱ्याचा घुमट, तोही टोपीपुरता. आणि मधल्या सगळ्या आभाळाच्या कडेला टाक्या. काळ्या, पिवळ्या, गच्चीगच्चीवर दोन-दोन, तीन-तीन. मुंबईचा पाहुणा बिल्डिंगचे मजले मोजतो, मी टाक्या मोजतो. टाक्या बघून घरात माणसं किती, भाडेकरू किती आणि मालक किती धोरणी हे मी सांगू शकतो. बायकोला ही खोड अजिबात आवडत नाही.

टेकाडाच्या खालीच घागरवाली उभी आहे. सिमेंटची, हिरवं लुगडं, कमरेवर तिरकी घागर. फेब्रुवारी 2023 मध्ये डब्ल्यू-20 ची, म्हणजे जी-20 च्या महिला गटाची बैठक शहरात झाली, भिंती चित्रांनी भरल्या, तेव्हा हिलाही रंगाचा हात मिळाला होता. आता घागरीतून लोखंडी पाइप बाहेर डोकावतो आणि त्याच्या गंजाचा एक ओघळ थेट लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत उतरलाय. पाइपाच्या तोंडाशी गांधीलमाश्यांनी घर केलंय. खालच्या हौदात वेफर्सची पाकिटं आणि कडुलिंबाचा पाला. हिच्या घागरीतून पाणी पडताना मी एकदाच पाहिलंय, तेही उद्घाटनाला.

कारंजं म्हटलं की मला पैठणच आठवतं. चौथीत असताना वडिलांनी आम्हाला एसटीने ज्ञानेश्वर उद्यानात नेलं होतं. अंधार पडला, गाणं लागलं आणि लाल-हिरवं पाणी नाचायला लागलं. आम्ही पोरं आ वासून. आई मात्र फिरकीचा तांब्या मांडीवर धरून गप्प. तिने 72 चा दुष्काळ खडी फोडत काढलेला. बऱ्याच वेळाने तिने विचारलं,

"हे पाणी जातं कुठं हो?"

"कुठंच नाही. खाली पडतं, तेच पंपाने परत वर."

"म्हंजे तेच ते?"

"तेच ते."

"मंग ठीकंय," म्हणाली, आणि तिथून पुढे तिने कारंजं खुशाल पाहिलं. पार शेवटच्या गाण्यापर्यंत. निघताना आम्हीच पेंगलो होतो.

त्या बागेच्या डोक्यावरच नाथसागर. शहराला पाणी तिथूनच, जायकवाडीतून येतं. मधे पन्नासेक किलोमीटर. येतं म्हणजे, पाण्याचा वार असतो. आमच्या जिन्यातल्या कॅलेंडरवर चतुर्थीपेक्षा त्या वाराला मोठा गोल असतो. आणि याच गावात, 1610 मध्ये खडकी या नावाने ते वसवणाऱ्या मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, एकही मोटर न लावता, नुसत्या उतारावर गावात आणलं होतं. पाणचक्कीच्या भिंतीवरून पडणारं पाणी दाखवून हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. भाच्याने एकदा विचारलं, "मामा, तेव्हा रोज यायचं का पाणी?" मी त्याला कुल्फी घेऊन दिली.

घागरवालीकडे बघत या सगळ्याचं काहीतरी सूत्र जुळवत होतो. कलेबद्दल वगैरे. जुळतही आलं होतं. एक लहान पोरगी हौदाच्या कठड्यावर चढून आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्या घागरीत ओतायला बघत होती, हात पोचत नव्हता, आजी मागून ओरडत होती, "अगं, माश्या हायेत तिथं!" तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, नळ आले."

"आज? आज कुठं आपला वार?"

"मला काय विचारता? आले. लवकर या, मोटर पाणी उचलत नाहीये."

उठलो. शेजारच्या बाकड्यावरचे दोघं, मघापासून शांत बसलेले, फोन कानाला लावूनच उठले आणि तिघंही मुरमावरून घसरत फाटकाकडे निघालो. एकाच लाइनीतले असावेत.