तुम्ही विचारलंत म्हणून: धुऱ्यावरचा वड टेबलावर कशाला?

"काकू, हा वड त आमच्या धुऱ्यावर बी हाये. त्याले इथं टेबलावर कायले मांडलं?" आमच्या क्लबच्या बोन्साय प्रदर्शनात, म्हणजे कुंडीत छोटी राखलेली झाडं मांडतो तिथं, दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारणारा बहुधा शेतकरी असतो. प्रश्न रास्त आहे.

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, वडाखाली आपण बसतो, शिदोरी सोडतो, बैल बांधतो. पण त्याचं खोड कसं वळत वर गेलं, कोणती फांदी उजेडासाठी कुठवर लांबली, हे तिथं एका नजरेत मावत नाही. टेबलावर मावतं. मला प्रदर्शन हवं असतं ते एवढ्यासाठी.

आधी झाडाची समोरची बाजू ठरवायची. मुळं दोन्हीकडे पसरलेली दिसावीत, खोडाच्या खालच्या भागात एकही फांदी थेट डोळ्यावर येऊ नये, शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकलेला असावा. मग उंची. मंगल कार्यालयातली जेवणाची टेबलं फार बुटकी. त्यांवर झाड ठेवलं की वरून नुसता पानांचा झुपका दिसतो. म्हणून खोडाचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेला येईपर्यंत आम्ही टेबलाच्या पायांखाली विटा रचतो. मागे पांढरी चादर. तिथं रंगीत फ्लेक्स लावायचं कुणी काढलं की मी भांडते, कारण त्यापुढे झाड हरवतं.

वडाची तयारी पोळ्यापासूनच सुरू होते. तेव्हा देठ ठेवून सगळी पानं कात्रीनं कापायची. पोळा ते दसरा, म्हणजे प्रदर्शनापर्यंत, साधारण सहा आठवडे. पावसाळी उबेत तेवढ्यात नवी पानं फुटतात, आधीपेक्षा लहान आणि तुकतुकीत. थंडीत हे जमत नाही, वाढच मंदावते. अशक्त झाडाला किंवा त्या वर्षी कुंडी बदललेल्या झाडाला मात्र हात लावायचा नाही, मग ते प्रदर्शनात नसलं तरी चालेल. चिंचेला, हिवराला याची गरजच नाही. त्यांची पानं मुळातच बारीक.

मातीवर विहिरीच्या काठचं शेवाळ पसरते, कुंडीला तेलाचं बोट फिरवते. टोकियोत १९३४ साली सुरू झालेल्या कोकुफू प्रदर्शनात मोठ्या झाडाशेजारी एखादं छोटं रोप ठेवायची रीत आहे. आम्ही तिथं धुऱ्यावरचंच गवत ठेवतो, पसरट मातीच्या ताटलीत. वड त्यानं एकदम मोठा वाटायला लागतो.

दोन दिवसांपेक्षा जास्त झाड सभागृहात ठेवत नाही. वडाला ऊन लागतं.

तुम्ही याल तेव्हा फोटो नंतर काढा. आधी झाडासमोर उभे राहा, गुडघे जरा वाकवा, आणि मुळापासून शेंड्याकडे बघत जा. लेकरं सोबत असतील तर त्यांना उचलून घ्या. आमच्या विटा मोठ्यांच्या उंचीच्या आहेत.