‘आहेत’चं ‘होते’ करताना

वृत्तपत्राच्या कचेरीत एक फाइल अशी असते, की तिच्यातली माणसं चांगली हिंडती-फिरती असतात आणि तरी त्यांच्यावरची वाक्यं ‘होते’ने संपतात. नव्वदीकडे झुकलेली गायिका, दवाखान्याच्या वाऱ्या करणारा जुना खेळाडू, यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवावे लागतात. अशुभ म्हणा हवं तर. पण बातमी रात्री अकराला आली आणि पान बाराला सोडायचं असलं, की पन्नास वर्षांची कारकीर्द तासाभरात आठवत नाही. आठवली तर चुकीची आठवते. तयार लेखात वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडायच्या : कधी, कुठे, किती वर्षांचे. उरलेला मजकूर वर्षातून एकदा तरी वाचायचा, कारण माणूस तोवर कामं करतच असतो, आणि नेमका शेवटचा पुरस्कार लेखातून राहून जातो.

बातमी खरी कधी धरायची? घरच्यांनी किंवा रुग्णालयाने सांगितल्यावर. जवळचा मित्र चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रिकेटपटू हीथ स्ट्रीक गेल्याचं त्याचा जुना सहकारी हेन्री ओलोंगाने जाहीर केलं. दोघं झिम्बाब्वेसाठी एकत्र खेळलेले; शंका कोण घेणार? काही तासांत स्ट्रीकनेच आपण जिवंत असल्याचं कळवलं आणि ओलोंगाने तिसऱ्या पंचाने त्याला परत बोलावल्याचं लिहून वेळ मारून नेली. ३ सप्टेंबरला स्ट्रीक खरोखर गेला. अभिनेते विक्रम गोखले यांच्याही वाट्याला हेच आलं. २६ नोव्हेंबर २०२२ ला ते गेले, पण श्रद्धांजल्या दोन-तीन दिवस आधीच वाहून झाल्या होत्या.

पुढचा खड्डा वयाचा. रमेश देव गेले २ फेब्रुवारी २०२२ ला, लता मंगेशकर ६ फेब्रुवारीला. दोघांचंही जन्मसाल १९२९. वजाबाकी केली की दोघांचंही उत्तर ९३. पण देवांचा वाढदिवस ३० जानेवारीचा, तीनच दिवसांपूर्वी झालेला, म्हणून ते ९३ वर्षांचे. लतादीदींचा २८ सप्टेंबरचा, तो अजून यायचा होता, म्हणून त्या ९२ वर्षांच्या. त्यात आपली ‘वयाच्या अमुकाव्या वर्षी’ म्हणायची खोड. हिशेबाने बघितलं तर लतादीदींना तेव्हा ९३ वं वर्ष चालू होतं. त्यापेक्षा ‘त्या ९२ वर्षांच्या होत्या’ असं सरळ लिहावं आणि सुटावं.

एवढं निस्तरलं, की तयार शब्द रांगेत उभेच असतात. काळाच्या पडद्याआड, न भरून येणारी पोकळी, एका पर्वाचा अंत. (एखाद्या आठवड्यात तीन-तीन पर्वं संपतात.) वाक्यातलं नाव काढून तिथे दुसऱ्या कुणाचंही घालून बघावं, वाक्य तसंच चाललं तर खोडावं. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ ला गेले, तेव्हा ‘दुर्दैवी’ हा शब्द येणारच होता. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही, कारण भारतीय संघातली डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींनी अडवलेली. घाईत कुणी ‘माजी कसोटीपटू’ लिहिलं, की त्या माणसाची सगळी गोष्टच पुसली जाते. पण नुसत्या दुर्दैवातून गोलंदाज दिसत नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध, तामिळनाडूच्याच चेपॉक मैदानावर, पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी, हे लिहिलं की तो चेंडू हातात घेतलेला दिसतो.

नटांचं अवघड असतं. रंगमंचावरचं काम पडदा पडला की गेलं. शोधायला बसलं की सापडतात चित्रपट आणि मालिका. त्यामुळे गोखल्यांच्या ‘बॅरिस्टर’ला एक ओळ आणि पडद्याला तीन परिच्छेद, असं होऊन बसतं. अशा वेळी सहकलाकाराला फोन करू नये, तो हमखास स्वतःबद्दल बोलतो. प्रयोग पाहिलेला प्रेक्षक गाठावा. त्याला आवाज कुठे खाली आला तेही आठवत असतं.

आणि जागा. ४ मार्च २०२२ ला ऑस्ट्रेलियाचा जुना यष्टिरक्षक रॉड मार्श गेल्याची बातमी आली. ऑस्ट्रेलियाचाच फिरकी गोलंदाज शेन वॉर्नने त्याच्यासाठी श्रद्धांजलीचे चार शब्द लिहिले आणि काही तासांत ५२ वर्षांचा वॉर्नच गेला. मार्शसाठी राखलेली जागा अशा दिवशी आक्रसते, तिला इलाज नाही. मग यष्टीमागचे ३५५ बळी, ९६ कसोटी हे सगळं चौकटीत बसवताना मी म्हणेन, बाकी काहीही कापा, पण एक ओळ ठेवा : लिलीच्या गोलंदाजीवर मार्शने घेतलेल्या झेलांची, कसोटीच्या धावफलकात ९५ वेळा छापलेली, ‘झे. मार्श, गो. लिली’. या ओळीला क्रियापद नाही. तिचं ‘होते’ करायची गरज पडत नाही.