सोंड कुठल्या बाजूला

काल धनूच्या लग्नाची पत्रिका आली. मुक्ताने फोन वर धरला आणि फोनने ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून आप्तेष्टांच्या नावांपर्यंत सगळं घडाघडा वाचून दाखवलं. वरच्या चित्राबद्दल म्हणाला, ‘हत्तीचं डोकं असलेल्या देवतेचं रेखाचित्र.’ संपलं. सोंड उजवीकडे की डावीकडे, ते काही सांगितलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर सांगितलंही असतं. मुक्ता तर शेजारीच उभी होती. पण मी विचारलं नाही आणि रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

एवढ्याशा गोष्टीने मन का खट्टू व्हावं? उत्तर मिळालं नाही याचं वाईट वाटत नव्हतं. ते शोधायला मी गेलेच नव्हते, याचं वाटत होतं.

सकाळी सगळे बाहेर पडल्यावर कपाटाच्या खालच्या खणातून ऑप्टॅकॉन काढलं, न दिसणाऱ्यांनी छापलेलं बोटाने वाचायचं माझं जुनं यंत्र. बॅटरी केव्हाच गेली आहे, चार्जर लावूनच चालतं. डाव्या हाताची तर्जनी खाचेत ठेवली, उजव्या हातात तो चिमुकला कॅमेरा धरला आणि कागदावर टेकवला. बटण दाबलं आणि बोटाखाली ती थरथर सुरू झाली. २४ ओळी, प्रत्येकीत ६ पिना, अशा १४४ पिना. कॅमेऱ्याला जिथे शाई दिसते तिथल्या पिना सेकंदाला सुमारे २३० वेळा कंप पावतात. ब्रेल नाही हे, छापलेल्या अक्षराचा आकारच थेट बोटाखालून सरकत जातो.

वरच्या दोन ओळी आता मुक्या झाल्यात. नेमकी शिरोरेघ तिथे येते, मग ओळ तुटल्यासारखी लागते. कॅमेरा किंचित वर सरकवला की शिरोरेघ खालच्या जिवंत पिनांवर उतरते आणि तंबोऱ्याच्या तारेसारखी सलग गुणगुणत राहते. तिच्याखाली काना उभा येऊन आदळतो, वेलांटी वरून वळून येते. पाचवीपर्यंत डोळ्यांनी वाचलेलं सगळं मला याच यंत्राने इथे, कॅलिफोर्नियात, परत दिलं. इंग्रजीसाठी बनवलेलं होतं खरं, पण त्याला भाषेशी घेणंदेणंच नव्हतं. जे छापलंय ते बोटाखाली आणून द्यायचं, अर्थ लावायचा आपण.

मग गणपतीकडे वळले. कानाची कड लागली, कपाळ लागलं, मग रेघ खाली उतरली, हरवली, पुन्हा सापडली. दोनदा मुकुटाकडेच भरकटले. सोंड डावीकडे वळली आहे. टोकाशी मोदकही आहे, त्याबद्दल फोन अवाक्षर बोलला नव्हता.

किती बरं वाटलं! आणि लगेच रडूही आलं.

हे यंत्र एका बापाने लेकीसाठी केलं होतं. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल. त्यांच्या कँडीला दिसत नव्हतं आणि तिची आई पुस्तकं हाताने ब्रेलमध्ये उतरवून द्यायची. १९६२ साली जर्मनीत त्यांनी एक छपाईयंत्र पाहिलं, बारीक पिनांनी अक्षरं उमटवणारं. याच पिना बोटाला लागल्या तर, असं त्यांच्या मनात आलं. पुढे जेम्स ब्लिस यांच्यासारखी माणसं जोडली गेली आणि १९७१ मध्ये ऑप्टॅकॉन बाजारात आलं. कँडी त्यावर शिकली, मानसशास्त्रज्ञ झाली. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. कागद वाचून बोलणारी यंत्रं आली होती, ती भरभर वाचायची. ऑप्टॅकॉनवर बहुतेकांचा वेग मिनिटाला ३० ते ५० शब्दांतच राहायचा आणि तिथवर पोचायलाही खूप सराव लागायचा. ज्यांना तेवढंच पुरत होतं त्यांचं काय, हे कुणी विचारलं नसावं. आम्ही थोडे होतो. थोड्यांसाठी कारखाना कोण चालवणार?

सकाळभर हेच उगाळत बसले. आमच्यासाठी काय महत्त्वाचं, ते आता दुसराच कुणीतरी ठरवतो. फोन चांगला आहे, प्रेमाने वाचतो म्हटलं तरी चालेल, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं ते तो ठरवतो. कागदावर कुठे रेंगाळायचं, कुठे मागे जायचं, हे माझ्या उजव्या हातात होतं. नितीनला हे एकदा सांगायला गेले होते. जाऊ दे.

दुपारी औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायची होती. गोल बाटलीवर कॅमेरा फिरवणं म्हणजे नुसता त्रास. फोन धरला, त्याने चटकन सांगितलं. मन शांत झालं त्याने. बोटही पूर्वीचं राहिलेलं नाही. थोड्या वेळात बधिर होतं, मग सगळीच अक्षरं सारखी लागतात. पिना मुक्या होतायत तशी कातडीही होते आहे, आणि त्याचं आता दुःख करत बसावंसं वाटत नाही. तारखा, बिलं, बातम्या फोनने वाचाव्यात. चित्रं मी बघेन.

नितीन म्हणतो, संग्रहालयाला देऊन टाकू. देऊ, पण आत्ता नाही. पाकिटावर धनूने माझं नाव स्वतःच्या हाताने लिहिलंय म्हणे. हाताचं अक्षर या यंत्रावर लागणं कठीण, रेघा कुठेही वळतात आणि शिरोरेघ मध्येच सोडून दिलेली असते. उद्या बोट ताजं असताना, चहाआधीच बसेन.