घरातील वीजवापर मोजणारा मीटर निवडताना

वीजबिलावर महिनाभराच्या युनिटांचा एकच आकडा असतो. त्यातला किती वाटा फ्रिजचा आणि किती दिवसरात्र चालू असणाऱ्या राउटरचा, हे त्यावरून कळत नाही. मला हाच हिशेब हवा होता, म्हणून मी घरगुती मीटरचा शोध सुरू केला.

मेन स्विचजवळच्या वायरीभोवती बसणारा सीटी क्लॅम्प, म्हणजे वायर न तोडता तिच्यातला करंट मोजणारा चिमटा, साऱ्या घराचा भार एकत्र दाखवतो. मात्र तो फक्त फेजच्या वायरीभोवती बसवावा लागतो, कारण न्यूट्रलही आत आली तर उलट दिशांच्या प्रवाहांचा परिणाम परस्परांना खोडून काढतो आणि आकडा शून्याजवळच राहतो. शिवाय बोर्ड उघडणे हे इलेक्ट्रिशियनचेच काम. म्हणून मी सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा मीटर घ्यायचे ठरवले.

सर्वाधिक वेळ एका तपशिलात गेला, आणि तो तिथेच जायला हवा असे माझे मत आहे. काही साधने केवळ करंट मोजतात आणि त्याला ठरावीक व्होल्टेजने गुणून वॅट दाखवतात. गिझर किंवा इस्त्रीसाठी हे चालते, कारण त्यांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या गुणाकारापैकी खरोखर वापरल्या जाणाऱ्या वॅटचे प्रमाण, जवळजवळ १ असतो. परंतु मोटर असलेल्या उपकरणांचा आणि साध्या अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने त्यांचा आकडा फुगलेला दिसतो. त्यामुळे करंट आणि व्होल्टेज एकाच वेळी मोजून खरे वॅट दाखवणारा, वीज गेली तरी साठलेले युनिट लक्षात ठेवणारा आणि १६ अँपिअर पेलणारा मीटर मी घेतला.

तो पडताळण्यासाठी बिलाच्या मीटरवरचा लाल दिवा उपयोगी पडला. त्यावर एका युनिटला (१००० वॅट एक तास) ३२०० इंपल्स, म्हणजे दिव्याच्या ३२०० लुकलुकी, असे छापलेले होते. घरातले बाकी सर्व बंद ठेवून एकच उपकरण चालवले असता दोन लुकलुकींमध्ये १० सेकंद गेले, तर भार सुमारे ११२ वॅट निघतो. दोन्ही आकडे जुळल्यावरच मी पुढची मोजणी केली.

फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, म्हणून त्याला किमान २४ तास द्यावे लागतात. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही त्याचे वॅट फारसे उतरले नाहीत. सतत चालणारे १० वॅटही ३० दिवसांत ७.२ युनिट खातात. एखाद-दुसऱ्या वॅटचा भार असे मीटर नीट पकडत नाहीत, त्यामुळे सर्व चार्जर एका एक्स्टेंशन बोर्डावर लावून मी त्यांची एकत्रित नोंद घेतली.