वाळा, वाला आणि मी

मे 2009. बाहेर पंचेचाळीसच्या वरचं ऊन, आणि मी लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसली होती. सकाळीच नव्या ताट्या बसवल्या होत्या, घरभर खसाचा वास. ब्लॉग उघडायचा म्हणून बसली, तर पहिलाच प्रश्न : नाव काय?

खरं नाव द्यायचं नव्हतं. सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने रात्री काय लिहिलं, याची चर्चा मला सकाळच्या चहाला नको होती. सरकारी नोकराने सरकारी धोरणावर जाहीर टीका करायची नसते, हे माहीत होतं. पण मला कुठे टीका करायची होती! मला लिहायचं होतं नागपूरच्या महाल भागातल्या आजोळाबद्दल, सांबारवडीबद्दल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीबद्दल.

टोपणनावाला आपल्या गावात काही तोटा नाही. आत्माराम रावजी देशपांडे कवी म्हणून ‘अनिल’ झाले. माणिक गोडघाटे तर ‘ग्रेस’ झाले. इंग्रजीत ते बाईचं नाव. मग बाईने पुरुषाचं घेतलं तर काय बिघडलं? संत्र्यावरून, झिरो माइलवरून सुचलेली सगळी नावं कोणीतरी आधीच अडवून ठेवली होती. शेवटी समोरच्या ताटीकडे पाहिलं आणि टाकलं : वाळा. खस म्हणजेच वाळा. पायातलाही वाळाच, पण शब्द पुल्लिंगी. मला हवी ती ओळख त्यात लपत होती.

लपली नाही ती ‘ळ’मुळे. बराह या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करताना ‘ळ’साठी शिफ्ट दाबून कॅपिटल एल मारावा लागतो. ब्लॉगचा पत्ता मात्र रोमन लिपीत, आणि त्यात कॅपिटल-स्मॉल असा फरकच नसतो. त्यामुळे पत्त्यात ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि वाळ्याचा वाला. पहिलं पत्र आलं तेच “वालासाहेब, नमस्कार” असं. दूधवाला, भंगारवाला, आणि मी नुसतीच वाला! तीन महिन्यांनी पत्ता बदलला. तेव्हा कळलं की जुन्या पत्त्यावर येणारे आपोआप नव्या घरी येत नाहीत. मैत्रिणींना पाठवलेल्या सगळ्या लिंका बंद पडल्या. नाव ठरवण्याआधी ते रोमनमध्ये लिहून चार जणांकडून मोठ्याने वाचून घ्यावं, ही अक्कल मला अशी आली.

मजकुराचं वेगळंच. ऑफिसच्या सवयीने पहिला लेख कृतिदेवमध्ये टाइप केला आणि चिकटवला, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. मग सगळं पुन्हा टाइप केलं.

पण खरी फजिती क्रियापदांनी केली. मराठीत टोपणनाव घेणं सोपं, निभावणं कठीण. ‘मी’ म्हणून गेलं-आलं की बाई की पुरुष, लगेच कळतं. वाळा पुरुष, म्हणून मी ‘गेलो’, ‘बसलो’, ‘घाबरलो’ लिहायची. एका लेखात फुटाळा तलावावर ‘गेलो’ आणि घरी ‘आली’. पुण्याच्या एका वाचकाने नम्रपणे विचारलं, वाटेत काय झालं? मग पळवाट काढली. ‘मी पाहिलं’, ‘मी खाल्लं’, ‘मी विचारलं’ यात लिंग दिसत नाही. दोन महिने माझ्या लेखांत मी कुठे जात नव्हती की येत नव्हती. नुसतं बघणं आणि खाणं.

त्याच वाचकाने एकदा विचारलं, पोह्यांवर सांबार पेरतात कसा? त्यांच्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचा वाटीतला सांबार. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे समजावताना मी नागपूरची हे उघड झालं. तेवढ्याने बिघडलं नव्हतं.

बिघडवलं मावशीने. तिला नातवाने लेख वाचून दाखवला आणि दुपारीच तिचा फोन.

“काऊन वं, ते वाळा म्हणजे तूच ना?”

मी म्हटलं, कोण वाळा?

“पाटोडीच्या रश्श्यात भाजलेलं जवस माह्या आईशिवाय कोन टाकते? मी कोनाले सांगत नाही. पन ते गेलो-आलो बंद कर पहिले. आपली पोरगी मिश्या लावून बसली असं वाटते.”

त्या रात्री जुने एकतीस लेख उघडले आणि एकेक क्रियापद बदलत बसली. ‘गेलो’चं ‘गेले’ नाही केलं. ‘गेली’ केलं, घरी बोलते तसं. सुरुवातीला लिहिलंय ना, “बसली होती”, ते चुकून नाही. पुण्याहून लगेच दुरुस्ती आली : “मी गेले” असं हवं. मी धन्यवाद म्हटलं आणि तसंच ठेवलं. नावही वाळाच ठेवलं.

पहाटे तीनपर्यंत बसली तरी एक ‘गेलो’ सुटलाच. मारबतीच्या लेखात आहे, गर्दीत.