वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन: सर्टिफिकेट काढतानाचा माझा अनुभव

आमचं काम पुण्याच्या आसपासची हॉटेलं, फरसाणवाले, कॅन्टीन यांच्याकडनं तळून उरलेलं तेल गोळा करायचं. आधी ते सगळं बायोडिझेलवाल्यांकडे जायचं, आता विमानाच्या पर्यावरणपूरक इंधनासाठी म्हणजे सॅफसाठी मागणी यायला लागलीय आणि खरेदीदाराने सरळ सांगितलं, आयएससीसी कोर्सिया सर्टिफिकेट, म्हणजे विमानांचा कार्बन कमी करायच्या कोर्सिया या आंतरराष्ट्रीय योजनेत हा माल चालतो याचा दाखला, असेल तरच माल उचलू.

लॅब रिपोर्ट दिला की झालं असं बरेच जण समजतात, पण तसं नाहीये. तयार इंधन विमानात चालेल का ते एएसटीएम डी ७५६६ या विमान इंधनाच्या मानकानुसार पुढे तपासतात, आणि तेलापासनं बनलेलं हेफा इंधन साध्या जेट इंधनात जास्तीत जास्त ५० टक्केच मिसळता येतं. आपल्याकडे बघतात ते तेल कुठनं आलं आणि खरंच वापरलेलं आहे का. कोर्सियात साध्या जेट इंधनाला दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात आणि वापरलेल्या तेलाच्या हेफाला फक्त १३.९, आता यात कोणी ताजं पामतेल मिसळून दिलं तर कार्बन फारसा वाचत नाही, नुसती फसवणूक होते. म्हणून ऑडिटर खोदून खोदून विचारतो आणि विचारायलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सेल्फ डिक्लेरेशनने. प्रत्येक हॉटेलवाल्याची सही लागते की हे तेल माझ्याच किचनमधलं आहे, आणि सही म्हटलं की मालक बिचकतात, "शेठ, हे एफएसएसएआयचं काही लफडं नाही ना?" मग बसून मराठीत समजवायचं, की काळं तेल हातगाडीवाल्याला परत विकलं तर ते लोकांच्या पोटात जातं, आमच्याकडे दिलं तर त्याची नोंद राहते आणि ती तुमच्याही कामाची आहे. हे पटलं की सही मिळते.

ऑडिटच्या दिवशी काटा पावत्या, चलन, टाकीतला स्टॉक सगळं एकमेकांशी जुळवून बघितलं, मास बॅलन्सचा, म्हणजे आलेला आणि गेलेला माल जुळवायचा हिशोब जास्तीत जास्त तीन महिन्यांचा चालतो. एका फरसाणवाल्याचं तेल ऑक्टोबरमध्ये एकदम कसं वाढलं म्हणून ऑडिटर अडला, तर त्याच्या दिवाळीच्या ऑर्डरी आणि ताज्या तेलाची खरेदी बिलं दाखवली तेव्हा मान्य केलं.

२०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत १ टक्का सॅफचं सरकारचं टार्गेट आहे, म्हणजे मागणी वाढणारच. सर्टिफिकेट वर्षभराचंच असतं, त्यामुळे आता नवीन हॉटेल जोडलं की आधी सही, मगच कॅन गाडीत.